गालिचा नव्हे, आधी फोम

टोरांटोतल्या घरांच्या तळघरात जानेवारीत हीटर चालू असूनही पाय गारठतात, कारण ऊब काँक्रीटमधून खालच्या मातीत झिरपत राहते. एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोमच्या तुलनेत काँक्रीटमधून सुमारे 50 पट उष्णता वाहते. म्हणून सगळ्या जमिनीवर 50 मिलिमीटर जाडीचा फोम सलग अंथरावा, सांधे टेपने बंद करावेत आणि वर प्लायवूडचे दोन थर सांधे चुकवून बसवावेत. लाकडी पट्ट्या ठोकून मधल्या खणांत फोम भरायची पद्धत रूढ आहे खरी, पण लाकूड फोमच्या जवळपास चौपट उष्णता वाहून नेतं. प्रत्येक पट्टी ही गारव्याची वाटच ठरते.

जाड गालिचा पुरणार नाही का? गालिच्यामुळे पायाला ऊब लागते, पण त्याखालचं काँक्रीट आणखी गार पडतं. खोलीतली दमट हवा तिथवर पोचली की पाणी धरतं आणि बुरशी येते. वजनाने फोम दबेल ही भीतीही अनाठायी आहे, चांगला एक्सपीएस चौरस मीटरला दहा टन भार सोसतो. खरी अडचण उंचीची. जवळपास 75 मिलिमीटर उंची जाते, दार खालून कापावं लागतं, जिन्याची शेवटची पायरी बुटकी होऊन पाय अडखळतो; हे आधीच मोजून घ्यावं. आणि त्याहीआधी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी काँक्रीटला चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा. खाली पाणी दिसलं, तर आधी ओल रोखा.