बोट घेताय? आधी इंजिन बघा!

बाईक झाली, कार झाली. आता आमच्या ग्रुपला मोटरबोट हवीय! चौघांत मिळून, सेकंडहँड. गेटवेहून सुटायचं आणि थेट मांडव्याच्या जेटीवर उतरायचं. आयडिया झकास, पण ब्रँड कुठला? कँटीनमध्ये यावर रोज भांडणं.

मंडळी, बोटीला ब्रँड एक नसतो, दोन असतात. हल एकाचा, इंजिन बहुतेकदा दुसऱ्याचं. हलच्या बाबतीत अमेरिकेतल्या बोस्टन व्हेलरचं नाव मोठं, आणि ते उगाच नाही. १९६१ मध्ये कंपनीच्या डिक फिशरने 'लाइफ' मासिकाच्या कॅमेऱ्यासमोर आपली बोट करवतीने मधोमध कापून घेतली. आत फोम भरलेला, त्यामुळे दोन्ही तुकडे तरंगत राहिले! अशी जाहिरात आपल्याकडे कोणी करेल?

इंजिनाचं मात्र नावावर जाऊ नका. ओले इव्हिनरूड हा आऊटबोर्ड इंजिनाच्या धंद्यातला आद्यपुरुष, १९०९ पासूनचा. त्याचं नाव चालवणारी कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी बॉम्बार्डिएने ब्रँड विकत घेतला आणि २०२० मध्ये ही इंजिनं बनणंच बंद झालं. शंभर वर्षांची पुण्याई, पण नवं इंजिन नाही. म्हणून मी ब्रोशर बाजूला ठेवून जेटीवरच्या मेकॅनिककाकांना एकच विचारतो, "काका, याचा पंप उद्या मिळेल का?" ते डोकं खाजवायला लागले, की ती बोट माझ्या लिस्टमधून कट. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर गाडीसारखं कडेला थोडंच घेता येतं?

बाकी तपासणी सोपी आहे. इंजिन तुम्ही पोचायच्या आधीच गरम असेल तर सावध व्हा, मालकाला थंड इंजिन सुरू करून दाखवायचं नाहीये. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार जोरात यायला हवी, ती कूलिंगची नाडी. मीटरवर तास कमी दिसले म्हणून खूश होऊ नका. खाऱ्या पाण्यात चालवून गोड्या पाण्याने न धुता ठेवलेलं इंजिन आतून मिठाने चोंदतं. खाली जस्ताचे ठोकळे असतात, इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे. अर्धे झिजलेले दिसले तर उत्तम, काम करताहेत. पण त्यांच्यावर रंग फासला असेल तर मालकाला बोटीतलं काही कळत नाही, कारण रंगवलेलं जस्त निकामी!

आणि हो, पावसाळ्यात बोटी बाहेर काढून ठेवतात. बूड नीट दिसतं ते तेव्हाच. छत्री घ्या आणि जा.