पातळ ऑइलला भ्यायचं कारण नाही

उद्यमनगरात गाडीचं ऑइल बदलायला गेलात की एक सल्ला हमखास मिळतो, "जरा घट्टच घालूया, इंजिन टिकतंय." मेस्त्री खोटं बोलत नसतो. त्याचा हात बसला तो जुन्या जीपवर, अँबॅसिडरवर, विहिरीवरच्या ऑइल इंजिनवर. त्या इंजिनांत भागांमधली फट मोठी आणि झीजही भरपूर, त्यामुळं तिथं २०डब्ल्यू-५० किंवा साधं ४० नंबरचं ऑइल योग्यच होतं. तोच नियम आजच्या पेट्रोल गाडीला लावला की चुकतं.

या गाडीत क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधली फट केसाच्या जाडीहून कमी असते. व्हॉल्व्हची वेळ मागंपुढं करणारी यंत्रणा तर ऑइलच्याच दाबावर, बारीक वाटांतून चालते. घट्ट ऑइल तिथं उशिरा पोचतं, पंपावर ताण येतो आणि पेट्रोल जास्त जळतं. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मायक्रॉनच्या फरकानं माल परत येतो, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. मग त्याच फटीतलं ऑइल आपण बोटांनी चोळून का ठरवावं?

डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, विंटर. पहिला आकडा थंड ऑइल किती सहज हलतं ते सांगतो आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं ते. यावर हटकून येणारा प्रश्न म्हणजे, "आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय? शून्य डब्ल्यू कशाला?" मला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच वाटतो. ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना, म्हणजे आपल्या भर उन्हाळ्यातल्या दुपारीसुद्धा, चालत्या इंजिनातल्यापेक्षा साधारण सहापट घट्ट असतं. डिसेंबरातल्या सकाळी रंकाळ्यावर धुकं असताना ते आणखी घट्ट होतं. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनं कोल्हापुरातली प्रत्येक सकाळ थंडच असते. सुरू केल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत ऑइल वरपर्यंत पोचायला हवं, कारण झिजेचा मोठा भाग तेव्हाच होतो. पातळपणाची भीती गरम इंजिनाबद्दल असते, पण तिथलं काम दुसऱ्या आकड्याचं आहे. करूळ घाट चढताना लागणारा घट्टपणा कंपनीनं तो आकडा ठरवतानाच धरलेला असतो.

म्हणून मॅन्युअल उघडा. त्यात ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तेच घाला. काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. ऑइल पिणाऱ्या जुन्या गाडीला त्या तक्त्यातली वरची ग्रेड चालेल, तक्त्याबाहेरची नको.

ग्रेडइतकाच महत्त्वाचा म्हणजे दर्जाचा शिक्का, आणि तो फारसं कुणी वाचत नाही. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला. टर्बो पेट्रोल इंजिनावर कमी वेगात जोर पडला की इंधन ठिणगीआधीच पेटू शकतं, ते रोखण्याची अट त्यात आहे. बीएस-६ डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर एसीईएचा सी३ यांसारखा कमी राखेचा दर्जा लागतो. काजळी त्या फिल्टरमध्ये जळून जाते, ऑइलची राख मात्र जळत नाही, साचत राहते. नुसतं "महागातलं द्या" म्हणून भागत नाही ते यामुळंच.

सिंथेटिक म्हणजे पातळ, असंही नाही. १०डब्ल्यू-४० सिंथेटिकही मिळतं. एकाच ग्रेडचं आणि दर्जाचं दुसऱ्या कंपनीचं ऑइल अडीअडचणीला वर घातलं तर त्याचा चोथा होत नाही. मोटरसायकलचं ऑइल मात्र वेगळं. तिचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून त्यावर जासो एमए लिहिलेलं असतं. कारचं ऑइल तिथं घातलं तर क्लच घसरू शकतो.

काळं झालं म्हणजे संपलं, हेही खरं नाही. डिझेलमध्ये नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंग दुधाळ चहासारखा दिसला तर मात्र त्यात पाणी मिसळलं असण्याची दाट शक्यता. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारख्या वेळी पाण्यात उभी राहिलेली गाडी ऑइल तपासल्याशिवाय सुरू करू नका.

राजारामपुरी ते बिंदू चौक एवढीच फिरणारी गाडी वर्षात ३,००० किलोमीटर भरत नाही, म्हणून मालक ऑइल बदलत नाहीत. पण अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही आणि ओलावा, न जळलेलं पेट्रोल ऑइलात साचतं. मॅन्युअलमध्ये "१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष" असं लिहिलेलं असेल तर अशा गाडीला वर्षाचीच मुदत लागू होते.

आणि ऑइल भरताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढं जाऊ नका. फिरता क्रँकशाफ्ट जास्तीचं ऑइल घुसळतो, त्याला फेस येतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला पुरेसा आधार देऊ शकत नाही.