दोन्ही टोकांची सायकल

पुणे–सोलापूर महामार्गावर वसलेल्या वरवंडसारख्या गावातून रोज पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाचा प्रवास तीन तुकड्यांचा असतो, आणि त्यांपैकी सर्वांत लांबचा तुकडा हाच बहुधा सर्वांत सोपा ठरतो. पुणे–दौंड लोहमार्ग महामार्गाला चिकटून न जाता त्याच्या उत्तरेकडून जातो. त्यामुळे केडगाव, कडेठाण, पाटस ही स्थानके वरवंडला जवळची असली, तरी घरापासून फलाटापर्यंतचे काही किलोमीटर आणि पुण्यात उतरल्यावर कामाच्या ठिकाणापर्यंतचे आणखी काही किलोमीटर प्रवाशाला स्वतःची सोय पाहूनच कापावे लागतात. २०१७ मध्ये या मार्गावर डेमू गाड्या, म्हणजे डिझेल इंजिनावर वीज निर्माण करून चालणाऱ्या लोकल स्वरूपाच्या गाड्या, सुरू झाल्या. मात्र दोन टोकांचा प्रश्न गाडीने सुटणारा नव्हता. घडी घालून हातात धरता येणारी फोल्डिंग सायकल नेमकी याच दोन टोकांसाठी उपयोगी पडते.

स्थानकापर्यंतचे अंतर चार किलोमीटर धरले, तर पायी जायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकलवर १६ मिनिटे पुरतात. या वेगाला सपाट रस्त्यावर साधारण ५० ते ६० वॅट शक्ती लागते, आणि निरोगी प्रौढाला ती फारसा घाम न गाळता देता येते.

लहान चाकांची सायकल हळू चालते आणि सारखी पायडल मारावी लागते, असा एक समज आहे, पण त्यात दातांचा हिशेब सुटतो. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, हे चाकाचा घेर आणि पुढच्या चेनव्हीलच्या व मागच्या फ्रीव्हीलच्या दातांचे गुणोत्तर यांच्या गुणाकारावर ठरते. २८ इंची साध्या सायकलचा घेर सुमारे २.२ मीटर असतो. तिला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. २० इंची फोल्डिंग सायकलचा घेर जेमतेम १.५५ मीटर असला, तरी पुढे ५२ आणि मागे १५ दात दिले की तीही तेवढेच अंतर तोडते.

लहान चाकाची खरी उणीव खड्ड्यात दिसते. पाच सेंटिमीटर उंचीच्या कडेवर चाक चढवायचे असेल, तर आसाला आडव्या दिशेने किती जोर लावावा लागतो, हे चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. भूमितीने मोजल्यास हा जोर २८ इंची चाकाला त्यावरील भाराच्या सुमारे ०.६ पट, तर २० इंची चाकाला ०.७५ पट, म्हणजे मोठ्या चाकाच्या सव्वापट भरतो. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये बाजारात आणलेल्या लहान चाकांच्या सायकलीला रबराचे सस्पेन्शन दिले, ते याच कारणाने. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या दौंड तालुक्यातील आडरस्त्यांवर म्हणून अगदी बारीक टायरांपेक्षा थोडे रुंद, जाड पृष्ठाचे टायर शहाणपणाचे ठरतात, आणि बांधांवरच्या वेड्या बाभळीचे काटे लक्षात घेता पंक्चररोधक पट्टी व एक जादा ट्यूब सोबत असणे बरे.

घडीचे मर्म बिजागरीत असते. साध्या सायकलच्या त्रिकोणी सांगाड्यात बराचसा भार नळ्यांच्या लांबीच्या दिशेने वाहून जातो, तर फोल्डिंग सायकलीत अनेकदा एकच जाड मुख्य नळी असते आणि तिच्या मधोमध बिजागरी येत असल्याने तेथे वाकवणारा ताण एकवटतो. हा ताण घट्ट मिटणाऱ्या खटक्याने पेलला जातो; तो सैल पडला की पुढचा भाग हलू लागतो आणि सांध्याची झीज वाढते. शिवाय वजन घटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला पोलादासारखी सुरक्षित ताणाची ठळक मर्यादा नसते. लहान ताणही लाखो वेळा पडत राहिला, तर त्यात सूक्ष्म तडे जाऊ शकतात. अँड्र्यू रिची यांनी लंडनमध्ये १९७५ पासून विकसित केलेल्या ब्रॉम्प्टन सायकलची मुख्य चौकट पोलादाची होती, आणि आजही त्या सायकलच्या अनेक प्रकारांत पोलादच वापरले जाते.

वजनाचे महत्त्व रस्त्यावर फारसे नसून जिन्यावर असते. ६५ किलोचा माणूस १२ ऐवजी १५ किलोची सायकल चालवू लागला, तर एकूण वजनात चार टक्क्यांहून कमी भर पडते. मात्र तीच सायकल हातात घेऊन पादचारी पूल चढताना ओझे पंचवीस टक्क्यांनी वाढलेले असते. म्हणून फोल्डिंग सायकल विकत घेताना ती चालवून पाहण्याइतकेच, घडी घालून एका हाताने उचलून दोन मजले चढून पाहणेही आवश्यक आहे.

रेल्वेचे नियमही जाणून घ्यावे लागतात. द्वितीय श्रेणीच्या प्रवाशाला ३५ किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते आणि ट्रंक-पेट्यांसाठी १०० × ६० × २५ सेंटिमीटर ही मापे ठरलेली आहेत. पण अखंड सायकल या सवलतीत बसत नाही. घडी घातलेली ब्रॉम्प्टन सुमारे ५८ × ५७ × २७ सेंटिमीटर भरते, म्हणजे लांबी-रुंदीत बसून जाडीत किंचित बाहेर डोकावते. त्यामुळे सायकल आवरणात घालावी, साखळीचे तेल सहप्रवाशाच्या कपड्यांना लागणार नाही याची काळजी घ्यावी आणि पहिल्या प्रवासाआधी स्थानकावर विचारून घ्यावे. पुणे मेट्रोत मात्र सायकल सोबत नेण्यास परवानगी आहे.

हा सारा हिशेब मांडल्यावर निष्कर्ष सरळ निघतो. पुण्यातले कामाचे ठिकाण स्थानकापासून चालत जाण्याजोगे असेल, तर फोल्डिंग सायकलीवर पैसे घालण्याची गरज नाही. जुनी साधी सायकल अलीकडच्या स्थानकावर कुलूप लावून ठेवली, तरी भागते. दोन्ही टोकांना दोन-चार किलोमीटर उरत असतील, तेव्हाच घडीची सायकल आपली किंमत वसूल करते, आणि अशा प्रवाशांसाठी घडी घातलेली सायकल हातातले सामान मानावी, असा स्पष्ट फलक रेल्वेने प्रत्येक स्थानकावर लावावा.