पाऊस किती? नव्हे, पाऊस केव्हा?

प्रथम एक कोडे घालतो. सिंगापूरला वर्षाकाठी सरासरी सव्वादोन हजार मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. आमच्या पनवेलला त्याहून बराच अधिक, म्हणजे तीन हजार मि.मी.च्या जवळपास पडतो. उन्हाची वानवा दोन्हीकडे नाही. तरीही सिंगापूरच्या बुकित तिमा टेकडीवर बाराही महिने हिरवेगार राहणारे वर्षावन आहे, तर पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या कर्नाळ्याच्या डोंगरात मार्च महिन्यात साग आणि सावर यांच्या फांद्या उघड्या पडलेल्या दिसतात. पाऊस जास्त, आणि जंगल मात्र पानगळीचे! असे का व्हावे?

उत्तर पावसाच्या आकड्यात नाही, ते कॅलेंडरात आहे. विषुववृत्तालगतच्या सिंगापूरला प्रत्येक महिन्यात पाऊस असतो. पनवेलचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि जानेवारी ते मार्च या काळात जवळजवळ थेंबही पडत नाही.

आता झाडाच्या बाजूने विचार करा. पानांवर असंख्य सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत घेताना पाण्याची वाफ बाहेर जातेच. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. मुळांना पाणी मिळत असेपर्यंत हा खर्च परवडतो. माती सुकली की पान हे कमावते अंग न राहता पाणी उधळणारे अंग होते. मग झाड पानच टाकून देते. पानगळ ही झाडाची काटकसर आहे!

हवामान आणि वनस्पती यांचे हे नाते व्लादिमीर क्यॉपेन (१८४६–१९४०) या शास्त्रज्ञाने नेमके हेरले. जगातील हवामानांचे वर्गीकरण करताना त्याने वनस्पतींनाच साक्षीदार केले. त्याच्या पद्धतीत विषुववृत्तीय वर्षावनाच्या हवामानाची कसोटी अशी आहे: सर्वांत कोरड्या महिन्यातही निदान ६० मि.मी. पाऊस हवा. सिंगापूर या कसोटीला उतरते, पनवेल उतरत नाही.

पाण्याच्या या हिशेबात खर्चाची बाजूही तितकीच महत्त्वाची असते. एक ग्रॅम पाण्याची ३० अंश सेल्सिअसला वाफ करण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता सूर्याकडून येते. म्हणून जेथे ऊन प्रखर तेथे खर्च मोठा. जैसलमेरला वर्षाला २०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातही कित्येक ठिकाणी पाऊस व बर्फ मिळून जवळपास तेवढेच पाणी पडते. पण जैसलमेरला वाळवंट आहे, आणि टुंड्रात उन्हाळ्यात दलदल होते! थंडीमुळे तेथे बाष्पीभवन अल्प, आणि खालची जमीन कायमची गोठलेली असल्याने पाणी मुरतही नाही. जमा तेवढीच असली, तरी खर्च निराळा आणि सृष्टीही निराळी. हवामानानुसार घडलेल्या अशा विशाल सजीवसमूहाला जीवसंहती म्हणतात.

पण निराळी सृष्टी पाहायला ध्रुवापर्यंत जाण्याची गरज नाही. पनवेलहून पुण्याची गाडी पकडा. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर हवेचा दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते, आणि प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते. त्यामुळे दर १०० मीटर चढाईला ती सुमारे १ अंश सेल्सिअसने थंड होते. लवकरच बाष्प साकळून ढग बनतात. (तेव्हा बाष्पातील उष्णता मोकळी होते व थंड होण्याचा वेग मंदावतो.) म्हणूनच लोणावळ्याला ४००० मि.मी.हून अधिक पाऊस होतो. घाटमाथा ओलांडून खाली उतरणारी हवा मात्र दाबली जाऊन पुन्हा तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. लोणावळ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात पाऊस ७०० मि.मी.च्या आसपास उरतो. आणखी पूर्वेला, बारामती तालुक्यातील सुप्याच्या परिसरात, तो ५०० मि.मी.च्या आगेमागे येतो. उलट तिथले ऊन वर्षभरात सुमारे दीड हजार मि.मी. पाण्याची वाफ करू शकेल इतके कडक!

अशा तुटीच्या अंदाजपत्रकात दाट जंगल कसे उभे राहणार? गवताला मात्र हे जमते. पाऊस येताच वाढायचे, झटपट बी धरायचे आणि वरचा भाग वाळू द्यायचा. पुढचा पाऊस येईतो काही गवते मुळांच्या रूपाने टिकतात, काही केवळ बियांच्या. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात याच माळावर चिंकारा चरतो. लांडगा, खोकड, चंडोल हेही माळाचेच रहिवासी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरकारी नोंदींत अशा माळांची गणना पुष्कळदा पडीक जमिनीत होते. मग वृक्षारोपणाच्या उत्साहात तेथे खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली जातात. सावलीत गवत खुरटते, मेंढरांचा चारा जातो, चंडोलाला उघड्यावर घरटे करायला जागा उरत नाही, आणि चिंकाऱ्याला दूरचा शत्रू दिसेनासा होतो. झाडे लावूच नयेत असे नव्हे. कोकणातल्या तोडलेल्या जंगलाच्या जागी ती अवश्य लावावीत. काही माळ जंगलतोडीतूनही झाले आहेत. मातीची खोली, चराई आणि वणवे यांचाही वाटा असतो. म्हणूनच खड्डा खणण्यापूर्वी त्या जागेचा पाऊस, माती आणि मूळची वनस्पती पाहिली पाहिजे.

शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करा. आपल्या तालुक्याच्या पावसाची महिनावार सरासरी मिळवून आलेखकागदावर बारा स्तंभ काढा. ६० मि.मी.वर आडवी रेघ मारा आणि किती महिने रेघेखाली राहतात ते मोजा. मग शाळेभोवतालची दहा झाडे निवडून दर पंधरवड्याला त्यांची पाने पाहा आणि त्याच आलेखाखाली नोंदवा. कोणते झाड केव्हा पान टाकते आणि कोणते टाकत नाही, हे वर्षअखेरीस तुमच्यापुढे असेल. पाने न टाकणाऱ्या झाडांची मुळे किती खोल जातात, किंवा त्यांना विहिरीचे अथवा ओढ्याचे पाणी मिळते का, याचा शोध पुढच्या वर्षी घ्या.