अवजार घेण्यापूर्वीं शिवार पाहावें

नोकरींत असतांना माजलगांव तालुक्याचे पेरणीचे आंकडे जुळविण्यांत प्रस्तुत लेखकाचीं पुष्कळ वर्षें गेलीं. एके दिवशीं अवजारांचा एक दुकानदार कचेरींत आला आणि तालुक्यांत पेऱ्याखालीं एकंदर जमीन किती, एवढेंच त्यानें विचारलें. मीं बेरीज दिली. त्या बेरजेच्या भरंवशावर त्यानें ट्रॅक्टरामागें लावावयाचीं रुंद पेरणीयंत्रें आणविलीं. तीं दोन हंगाम दुकानापुढें गंजत पडलीं. जमीन होती, पण तुकड्यातुकड्यांची. आणि बांधावरच्या वाटेनें बैलगाडीसुद्धां कष्टानें जाई. हें मला ठाऊक होतें. त्यानें विचारलें नाहीं, मींही सांगितलें नाहीं. आज त्याची लाज वाटते.

पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर गांवाची बारकाईनें चौकशी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. १५६ जमीनधारकांचे ७२९ तुकडे; पैकीं ४६३ एकराहून लहान! १७७१ सालीं सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. (आतां तें गांव पिंपरी-चिंचवड शहरांत गेलें आहे.) नुसत्या बेरजेंत हें कांहींच दिसलें नसतें.

कित्येक गोष्टी तर कोणत्याच वहींत नसतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला; पण लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. ही समजूत ओसरीवर बसल्यावांचून कळावयाची नव्हती. अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें १९९८ सालीं जेनेव्हीव्ह बेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंस नोकरीस घेतलें, तें लोक घरांत यंत्रें कशीं वापरतात हें पाहण्याकरितांच.

आपल्या सोसायटीनें भाड्यानें देण्यासाठीं पेरणीयंत्र घ्यावें असा विचार चालला आहे. घ्यावें, पण त्याआधीं दोन सभासदांनीं एक खरीप शेतांत काढावा. चाड्यावर मूठ कोण धरतें, सरकी टोकावयास किती बायका लागतात, मजुरी रोख कीं उक्ती, भाडें देण्यास पैसा हातीं केव्हां असतो, हें डोळ्यांनीं पाहावें. बायकांस अवश्य विचारावें. पुरुषमंडळी त्यांच्या कामाचा अंदाज नेहमीं कमी सांगतात.

वाटांची रुंदी मात्र मी मोजून देईन. दोरी माझ्याजवळ आहे.