आई-बाप दिव्यांग, धावपळ लेकरांची. आता काय बदललंय?

बापाला दिसत नसेल किंवा आईला चालता येत नसेल, तर घरातलं पोर लवकर मोठं होतं. रेशन, बँक, तहसील, सगळीकडं सोबत तेच. शाळा बुडते ती वेगळीच.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमियाही त्यात आले. त्यामुळं पूर्वी ‘हे बसत नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा अर्ज करून बघावा. युडीआयडी कार्डाचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर मोबाईलवरून भरता येतो. तपासणीला मात्र दवाखान्यात जावंच लागतं, तो हेलपाटा काही चुकलेला नाही.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. महिन्याला १५०० रुपये मिळायचे, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० केलेत. पैसे थेट खात्यावर येतात, म्हणून खातं आधारला जोडलंय का ते आधी बघा.

एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांच्या पुढं असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. बऱ्याच घरांत हा सोबती म्हणजे पोरगं किंवा पोरगीच, पण ही सवलत मागायची असते हेच कुणी सांगत नाही.

शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कुणावर खर्च झाले, हे १८ वर्षांचं झालेलं पोरगंही ग्रामसभेत उभं राहून विचारू शकतं.