खरेदीखतात नाव नसलेली माणसे

घाटंजी तालुक्याचे अर्थकारण कापसावर चालते. आणि कापसाच्या भावाचा भरवसा उरला नाही म्हणून तेथील अनेक कुटुंबांनी आपला भरवसा मुलांच्या शिक्षणावर ठेवला आहे. अभियांत्रिकीची पदवी, तिच्यासाठी काढलेले शैक्षणिक कर्ज, त्या कर्जाच्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर पालकाचीही सही आणि मग पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर येथे संगणक कंपनीतील नोकरी, हा विदर्भातील कुटुंबांचा आता रुळलेला मार्ग आहे. मुलाचे गुण मोजले जातात, कर्जाचे हप्ते मोजले जातात. परंतु ज्या कंपनीत तो लागला ती कंपनीच उद्या विकली गेली तर काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. मुंबईत मुख्यालय असलेली पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी जानेवारी 2011 मध्ये आयगेट या तिच्याहून लहान कंपनीने सुमारे 1.2 अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले, आणि त्यासाठी मोठे कर्ज उभारले. 2015 मध्ये कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीने आयगेटच सुमारे 4 अब्ज डॉलरना घेतली. त्याच कचेरीत, त्याच टेबलाशी बसणाऱ्या माणसाचा धनी साडेचार वर्षांत दोनदा बदलला. त्याचे मत एकदाही विचारले गेले नाही.

धनी बदलल्यावर काय घडू शकते, हे जगाने अनेकदा पाहिले आहे. एप्रिल 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल व्यवसाय ताब्यात घेतला. जुलै महिन्यातच 18,000 पदे कमी करण्याची घोषणा झाली. त्यांपैकी सुमारे 12,500 या नव्याने घेतलेल्या व्यवसायातील होती. ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस ट्विटरची 44 अब्ज डॉलरना खरेदी झाली आणि आठवडाभरात सुमारे 7,500 कर्मचाऱ्यांपैकी निम्मे घरी गेले.

यामागील हिशेब साधा आहे. दोन कंपन्या एक झाल्या की दोन हिशेब विभाग, दोन भरती विभाग, दोन विक्री विभाग कशाला, असा प्रश्न नवा मालक विचारतो. खरेदी कर्जाऊ पैशाने झाली असेल, तर व्याज कोठून तरी भरावे लागते. सौद्याचा भाव ठरतो तेव्हाच ही भावी काटकसर अनेकदा त्यात धरलेली असते. म्हणजे माणूस कामावर असतानाच त्याच्या पगाराच्या बचतीची किंमत भागधारकाच्या पदरात पडून गेलेली असते.

अर्थात, प्रत्येक खरेदी ही आपत्तीच असते असे मानणे अन्यायाचे होईल. जानेवारी 2009 मध्ये सत्यम कंपनीचा घोटाळा उघड झाला, तेव्हा पुण्याच्या टेक महिंद्राने ती घेतली नसती तर हजारो संसार उघड्यावर पडले असते. परंतु तेथेही वाचलेल्या नोकऱ्यांबरोबर एक दुसरी यादी होतीच. त्याच वर्षी हजारो कर्मचाऱ्यांना ‘व्हर्च्युअल पूल’ नावाच्या योजनेत टाकून केवळ मूळ वेतनावर घरी बसविण्यात आले. कंपनी वाचविणे आवश्यक होते. प्रश्न एवढाच की वाचविण्याची किंमत कोणी किती द्यावी, हे ठरविताना ती देणाऱ्याला जागा होती काय?

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात उपक्रमाच्या हस्तांतरानंतर कामगाराला भरपाई देण्याची तरतूद होती, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. परंतु उपक्रमाऐवजी कंपनीचे भाग विकले गेले, तर कायद्याच्या दृष्टीने मालक बदलतच नाही! शिवाय पदाच्या नावात ‘मॅनेजर’ शब्द आला की तो माणूस कामगार आहे की नाही, येथूनच वाद सुरू होतो. आणि दबावाखाली का होईना, राजीनामा दिला की ती कपातच उरत नाही. विलीनीकरणाच्या योजनेवर भागधारकांचे आणि धनकोंचे मत घेतले जाते. स्पर्धा आयोग बाजारातील स्पर्धेचा विचार करतो. नोकरदार कोणाच्याच विषयपत्रिकेवर नसतो.

हे असेच असले पाहिजे असे नाही. 1956 मध्ये 245 विमा संस्थांचा कारभार एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हा कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याची तरतूद कायद्यातच होती. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला, तेव्हा हमालाची नोंदणी मंडळाकडे ठेवली. व्यापारी बदलला तरी त्याचा भविष्य निर्वाह निधी बुडू नये, हा त्यामागील विचार. अंमलबजावणीत उणिवा असतील. पण पाठीवर गाठोडी वाहणाऱ्याला जे तत्त्व लागू झाले, ते संगणकापुढे बसणाऱ्याला लागू होऊ नये याचे कारण कोणी सांगितलेले नाही.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक आहेत. कंपनीचा ताबा बदलण्यास मान्यता मिळण्यापूर्वी किती पदे कमी होणार, हे लेखी जाहीर करणे बंधनकारक असावे. भागांच्या विक्रीने ताबा बदलला तरी ते हस्तांतरच समजले जावे. आणि नव्या संहितेने कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतका जो पुनर्कौशल्य निधी ठेवला आहे, तो पदाचे नाव न पाहता मिळावा आणि वाढवावा. यामुळे कंपन्यांचे सौदे थांबणार नाहीत. सौद्याचा खरा खर्च मात्र सौद्यातच मोजला जाईल. आज तो घाटंजीच्या एखाद्या घरात, कर्जाच्या कागदावर सही केलेल्या बापाच्या नावे चढतो.